पेशंटचं चालणं-फिरणं टिकवणं: फिजिओच्या वीस मिनिटांबाहेरचं काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मेडिकल वॉर्डमध्ये नव्याने रुजू झालेल्या नर्स आहात. न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, बिघडलेली शुगर अशा कारणांनी वयस्कर माणसं तुमच्याकडे दाखल होतात. येताना त्यातले बरेच जण स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाणारे असतात. आठ-दहा दिवसांनी आजार बरा होतो, पण घरी जाताना त्यांना उभं करायला दोन माणसं लागतात. तुम्हाला हे खटकतं. वॉर्डमधले जुने लोक म्हणतात, "ते फिजिओथेरपिस्टचं काम. आपण उठवायला गेलो आणि पेशंट पडला तर नाव आपलं येतं. शिवाय वेळ आहे कुठे?" तुम्ही विचारलंय की यात नर्सने नेमकं काय करायचं.

तुम्हाला हे खटकलं याचं मला मनापासून बरं वाटलं. मी बरीच वर्षं पुनर्वसन नर्सिंग करते आहे, आणि माझ्या मते प्रश्न 'काम कोणाचं' हा नाहीच. फिजिओथेरपिस्ट येतो, वीस मिनिटं व्यायाम घेतो, दोन पावलं चालवतो आणि पुढच्या पेशंटकडे जातो. उरलेल्या दिवसभरात तो माणूस किती वेळा उठतो, बसतो, स्वतःच्या हाताने काही करतो, हे कशावर ठरतं? अंघोळ कुठे घातली, जेवण कुठे दिलं, लघवीला कसं नेलं, रात्री कोणती गोळी दिली, यावर. हे सगळं नर्सच्या हातात आहे. या माणसाला झोपवून ठेवायचं असं कोणीच ठरवत नाही. पण दिवसभरातला प्रत्येक छोटा निर्णय बेडच्या बाजूने पडत जातो आणि माणूस अंथरूण धरतो.

हे किती लवकर होतं याची कल्पना असायला हवी, कारण वॉर्डमध्ये बोलताना तुम्हाला तेच उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या डॅलस इथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं होतं. त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव भागाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या कामाच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. ही झाली तरुण, धडधाकट माणसांची गोष्ट. २००७ साली निरोगी वृद्धांवर असाच अभ्यास झाला. फक्त दहा दिवसांच्या विश्रांतीत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायूचं वजन गेलं. त्यांना ना ताप होता, ना जंतुसंसर्ग, ना भूक गेलेली. आपल्या पेशंटला हे तिन्ही असतं.

सगळ्यात आधी जातात ते मांडीचे पुढचे स्नायू, नितंबाचे स्नायू आणि पोटऱ्या, म्हणजे नेमके खुर्चीतून उठायला लागणारे. आडवं राहिल्याने शरीर रक्तातलं पाणी कमी करतं आणि उभं राहताना रक्तवाहिन्यांनी आवळून बीपी सांभाळायची सवयही मोडते. म्हणून चौथ्या दिवशी पहिल्यांदा उठवलं की पेशंटला घेरी येते. मग फाइलवर 'उठवू नये' असं लिहिलं जातं, आणि तो आणखी चार दिवस झोपतो. या चक्राला मी फार घाबरते. त्याच्या जोडीला फुफ्फुसाच्या तळाशी कफ साठतो, पोट साफ होत नाही, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, कंबरेखाली त्वचा लाल होते. सत्तरी ओलांडलेल्या पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश लोक दाखल होण्याआधी स्वतः करत असलेलं निदान एक रोजचं काम गमावून हॉस्पिटलमधून बाहेर पडतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. २००९ च्या एका अभ्यासात, आधी चालते असलेल्या वयस्कर पुरुषांच्या पायाला हालचाल मोजणारं यंत्र बांधून ठेवलं होतं. हॉस्पिटलमधला ८३ टक्के वेळ ते आडवे होते. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं.

आता मर्यादा सांगते, कारण 'सगळ्यांना उठवा' हा सल्ला धोक्याचा आहे. छातीत दुखणं चालू आहे, हृदयाचे ठोके अनियमित होऊन बीपी पडतंय, कुठेतरी रक्तस्राव सुरू आहे, मणक्याचं फ्रॅक्चर अजून स्थिर झालेलं नाही, मेंदूतला दाब वाढलेला आहे, अशा पेशंटला डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत उठवायचं नाही. पायात गाठ असेल तर रक्त पातळ करणारं औषध सुरू झालंय का आणि उठवायला हरकत नाही ना, हे विचारून घ्यायचं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर उलट घाई करायची. पेशंट स्थिर असेल तर दुसऱ्या दिवशीच उभं करायचा प्रयत्न हवा, फक्त पायावर किती भार चालेल आणि कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत हे सर्जनकडून लिहून घ्यायचं.

पक्षाघाताबद्दल जरा जास्त सांगते. लवकर आणि भरपूर हलवलं की चांगलंच, असं आम्हीही पूर्वी समजत होतो. पण २०१५ साली २१०४ पेशंटवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि जास्त वेळ बेडबाहेर काढलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा कमी चांगली निघाली. त्याच माहितीचं पुढचं विश्लेषण असं सुचवतं, की थोडा-थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं बरं. म्हणून पक्षाघाताच्या पहिल्या दिवशी मी घाई करत नाही. बाजू बदलणं, हात-पाय नीट ठेवणं, गिळता येतंय का ते पाहणं यावर भर देते, आणि पुढे छोटे छोटे प्रयत्न वाढवते. दुसऱ्या टोकाला अतिदक्षता विभाग आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची झोपेची औषधं रोज थांबवून त्याच वेळी हालचाल सुरू केली, तर हॉस्पिटलमधून जाताना ५९ टक्के लोक पुन्हा स्वावलंबी झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हा अभ्यास २००९ चा. म्हणजे नळ्या दिसल्या म्हणून माणूस हलू शकत नाही असं नाही, आणि नळ्या नाहीत म्हणून लगेच चालवावं असंही नाही.

फाइलवर 'बेड रेस्ट' लिहिलं असेल तर त्यामागचं कारण विचारा. राउंडला नम्रपणे म्हणायचं, "सर, बेड रेस्ट कशासाठी आहे आणि कधीपर्यंत? खुर्चीत बसवलं तर चालेल का?" माझा अनुभव असा, की बऱ्याचदा ती ऑर्डर दाखल होतानाच्या रात्रीची असते. त्या वेळी ती बरोबरच असते, पण नंतर ती काढायची आठवण कोणाला राहत नाही.

आता कामाकडे. दाखल करून घेताना मी सगळ्यात जास्त जीव एका माहितीत घालते: हा माणूस आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी काय काय करत होता? 'चालत होते का?' एवढंच विचारून भागत नाही. सगळे 'हो' म्हणतात. मी विचारते, बाथरूमला एकटे जायचे का, काठी होती का, खुर्चीतून उठताना हात टेकायला लागायचे का, अंघोळ स्वतः करायचे का, कपडे कोण घालायचं, जिना चढायचे का, गेल्या सहा महिन्यांत पडले होते का, चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे आहे. ही उत्तरं म्हणजे तुमचं ध्येय. कागदावर उतरवायला १९६५ पासून वापरात असलेली बार्थेल मोजपट्टी सोयीची आहे: दहा रोजची कामं, शंभर गुण. दाखल होण्याआधीचे गुण, आजचे गुण आणि सुटी होतानाचे गुण असे तीन आकडे शेजारी लिहिले की वॉर्डमध्ये काय चाललंय ते डॉक्टरांनाही दिसतं. गुण देताना 'हा माणूस करू शकेल' हे धरू नका, प्रत्यक्षात काय करतो ते धरा. एक आजी 'पूर्ण परावलंबी' अशा शेऱ्यासह आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना नुसतं बेडच्या काठावर बसवून समोर पाणी आणि आरसा ठेवला, तर त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले आणि पदरही नीट केला. तोपर्यंत त्यांना कोणी बसवूनच पाहिलं नव्हतं.

वेळेबद्दल तुम्ही विचारलंत, ते रास्त आहे. मी तुम्हाला कामांची नवी यादी देणार नाही. जी कामं तुम्ही तशीही करता, त्यांची पद्धत बदलायची आहे. सकाळी अंग पुसायचंच असतं. मग पाठ आणि पाय तुम्ही पुसा, तोंड, हात, छाती पेशंटला पुसू द्या, तेही शक्य असेल तर काठावर बसून. चादर बदलायचीच असते. मग पेशंटला खुर्चीत घेऊनच बदला. त्यात तुमचीही कंबर वाचते. बेडपॅन द्यायचाच असेल तर दोघींनी उचलून न देता, गुडघे वाकवून, टाचा रोवून कंबर त्याला उचलायला सांगा. उठून उभं राहायला लागणारे तेच नितंबाचे स्नायू इथे कामाला लागतात. कूस बदलताना पलीकडचा गुडघा वाकवा, हात पलीकडे न्या आणि 'एक, दोन, तीन' म्हणून त्याच्या जोराची वाट पाहा. पहिले दोन दिवस याला जास्त वेळ लागतो हे खरंच आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो वेळ परत मिळतो, कारण ज्याला आता एकच माणूस पुरतं त्याच्यासाठी दुसरीला बोलवावं लागत नाही.

तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत, हा नियम मी सगळ्यात आधी लावते. दिवसातून तीनदा बेडमधून उठणं आणि तीनदा परत जाणं म्हणजे सहा वेळा उभं राहणं, आणि ते कोणी 'व्यायाम' म्हणून सांगितलेलंही नसतं. सरळ बसून गिळणंही जास्त सुरक्षित. मात्र खुर्चीत बसवून विसरू नका. स्वतः सरकता येत नसेल तर एका वेळी तासाभराच्या वर बसवू नये, नाहीतर बेडसोर (दाबामुळे होणारी जखम) कंबरेऐवजी बैठकीच्या हाडांवर येतो. प्रथिनांबद्दल एवढंच, की आजारी वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा आजार असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारायचं. ताट परत जाताना त्यात काय उरलंय, यावर नजर ठेवा.

आता लघवी-संडास. माझ्या मते माणसाचं स्वावलंबन इथेच वाचतं किंवा इथेच जातं. लघवीची नळी घातली की माणूस बेडला बांधला गेला असं समजा. त्याला उठायचं कारणच उरत नाही, पिशवी सांभाळत चालायची लाज वाटते आणि जंतुसंसर्गाची वाट उघडी राहते. नळीला खरी कारणं आहेत: लघवी अडकलेली असणं, अत्यवस्थ पेशंटची तासातासाची लघवी मोजणं, काही ऑपरेशनं, कंबरेखालची जखम ओली होत असणं, शेवटच्या दिवसांत आराम देणं. 'नेण्या-आणण्याचा त्रास नको' हे कारण नाही. रोजच्या राउंडला नळीबद्दल विचारा, "आज काढायची का?" डायपरचंही तसंच. जो माणूस घरी वेळेवर बाथरूमला जायचा, त्याला वॉर्डमध्ये डायपर बांधला की तीन-चार दिवसांत तो सांगणंच सोडून देतो. एखाद्याने आवाज दिला आणि त्याला "डायपर आहे ना, त्यातच करा" असं ऐकायला मिळालं, तर त्याच्या मनाचं काय होत असेल याचा विचार करा. हे वाक्य आपल्या वॉर्डमधून कायमचं जावं असं मला कळकळीने वाटतं.

त्यापेक्षा वेळ ठरवा. उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर, झोपण्याआधी, आणि मध्ये दोन-तीन तासांनी आपणहून विचारायचं. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून शौचाला बसवायची तीच उत्तम वेळ. लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर त्याच्या वेळेशी जुळवून घ्या. फ्युरोसेमाइडची गोळी दिल्यावर साधारण तासाभरात लघवी सुरू होते आणि पुढचे काही तास होत राहते. ती गोळी संध्याकाळी उशिरा दिली तर तो माणूस रात्री अंधारात धडपडत उठणार. ही वेळ बदलून देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं हे पडणं टाळण्याचंच काम आहे. बाथरूम लांब असेल तर बेडशेजारी कमोड खुर्ची ठेवा. कमोड खुर्चीपर्यंतची चार पावलं हीसुद्धा चालच आहे.

पहिल्यांदा उठवताना मी काय करते ते क्रमाने सांगते, कारण नव्या मुली इथेच घाबरतात. आधी फाइल बघते: कालचा ताप, हिमोग्लोबिन, आजची औषधं. आडवं असताना बीपी आणि नाडी घेते. बेड एवढा खाली आणते की बसल्यावर दोन्ही पाऊलं जमिनीवर पूर्ण टेकतील आणि खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. फार खालच्या बेडवरून अशक्त माणूस उठूच शकत नाही, आणि फार उंच असेल तर तो घसरतो. सलाईनची नळी, ऑक्सिजन, लघवीची पिशवी आधीच त्या बाजूला घेते. पायात मागून बंद, न घसरणारी चप्पल किंवा बूट. नुसते मोजे कधीच नाहीत. खुर्ची त्याच्या ताकदीच्या बाजूला लावते, चाकं असतील तर ब्रेक लावते.

मग डोक्याकडची बाजू वर करून पाच मिनिटं. त्यानंतर कुशीवर, पाय खाली आणि कोपरावर जोर देऊन बसणं. काठावर बसल्यावर घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा, गुडघे सरळ करून पाय उचलणं. पोटऱ्यांच्या या हालचालीने रक्त वर ढकललं जातं. पुन्हा बीपी. चेहऱ्याचा रंग, घाम, डोळ्यांसमोर अंधारी, बोलण्यातला फरक, हे आकड्यांइतकंच महत्त्वाचं. उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी बीपी बघते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद करायची, डॉक्टरांना सांगायची, आणि त्रास होत असेल तर परत बसवायचं. पण तिथे 'उठवू नये' असं लिहू नका. लिहा: 'काठावर पाच मिनिटं बसले, उभं राहताना बीपी इतकं उतरलं, दोन तासांनी पुन्हा प्रयत्न.' दिवसातून चार वेळा काठावर बसवलं तरी दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं. पाणी कमी पडतंय का, बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी त्याला जबाबदार आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यायचं.

उभं करताना बगलेत हात घालून ओढू नका. त्याने खांदा दुखावतो, तुमची पाठ जाते आणि पेशंट मागे झुकतो. त्याला पुढे सरकून बसायला सांगा, पाऊलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, हात बेडवर, आणि पुढे वाका, म्हणजे नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल. मग ढुंगण आपोआप सुटतं. कंबरेला रुंद पट्टा बांधलेला असेल तर तुमची पकड तिथे. वॉकर धरून उठायचं नाही, वॉकर उलटतो. आधी बेडवर जोर, उभं राहिल्यावर मग वॉकर. हात सैल सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. पक्षाघाताच्या पेशंटचा लुळा हात कधीही धरून ओढायचा नाही, आणि बसवल्यावर तो लोंबत न ठेवता उशीवर टेकवायचा. खांदा निखळला की पुढचे कित्येक महिने तो माणूस दुखण्यामुळे व्यायामच करत नाही.

जे अजून उठू शकत नाहीत त्यांच्या बाबतीत मला दोन सवयी मोडायच्या आहेत. गुडघ्याखाली कायम उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, आणि सरळ न होणारा गुडघा घेऊन चालता येत नाही. दुसरं, जड पांघरूण पायाच्या बोटांवर ताणून खोचलं की पाऊल खाली लोंबतं. पाऊल काटकोनात आणि टाचा अधांतरी राहतील असं पोटरीखाली लांब आधार द्या. कूस बदलायची वेळ आली की प्रत्येक मोठा सांधा एकदा पूर्ण हलवून घ्या.

पडण्याची भीती हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असं मला वाटतं, म्हणून यावर स्पष्ट बोलते. पेशंट पडू नये म्हणून झोपवून ठेवणं म्हणजे त्याचं पडणं पुढे ढकलणं. पाय अशक्त होत जातात, आणि एका रात्री तो लघवी लागली म्हणून एकटाच उठतो. बेडचे कठडे लावले असतील तर गोंधळलेला माणूस त्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. हात बांधले तर तो अधिक भ्रमिष्ट होतो. बेड अलार्मचा (पेशंट उठू लागला की वाजणाऱ्या घंटीचा) वापर वाढवून पाहिलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. पडण्याचं प्रमाण त्यातही कमी झालं नाही. खरा उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा: बेड खाली, घंटी हातात, चष्मा डोळ्यांवर, वाट मोकळी आणि कोरडी, रात्री बाथरूमपर्यंत मंद दिवा, ठरलेल्या वेळी लघवीला नेणं, झोपेच्या गोळ्या शक्य तेवढ्या टाळणं. पार्किन्सनच्या पेशंटला त्याच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्या आणि औषध अंगात असतानाच चालवा. तास-दीड तासाच्या उशिरानेही त्याची पावलं जमिनीला चिकटतात.

आणि पडलाच तर? तुमचं रक्षण होतं ते नोंदीने. किती मदत लागते हे आधीच तपासून लिहिलंय, बीपी लिहिलंय, कोणत्या साधनाने आणि किती जणांच्या आधाराने उठवलं ते लिहिलंय, अशी फाइल विचारपूर्वक काम झाल्याचं सांगते. पेशंट पाय सोडू लागला तर त्याला उभं धरून ठेवायचा हट्ट करू नका. पट्टा धरून, एक पाय पुढे घेऊन, त्याला तुमच्या मांडीवरून हळूच खाली बसवा आणि डोकं सांभाळा. हे सगळ्यांनी आधी एकमेकींवर करून पाहिलेलं असावं. तुमच्या इन्चार्ज सिस्टरना यासाठी अर्धा तास मागा.

काही पेशंट उठायलाच नकार देतात. तेव्हा 'आळशी' हा शब्द मनात येऊ देऊ नका. बहुतेक वेळा कारण सापडतं. दुखत असतं; मग वेदनाशामक गोळी उठवण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या. भीती असते, कारण काल घेरी आली होती. रात्रभर झोप नसते. आणि एक कारण हमखास नजरेतून सुटतं: कालपर्यंत बोलणारा माणूस आज गप्प, सुस्त, डोळे मिटून पडलाय आणि विचारलेल्याचं उत्तर अर्धवट देतोय. याला 'शांत पेशंट' म्हणून सोडू नका, तो डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डिलिरियम टाळण्यातही हालचालीचा वाटा आहे. येल विद्यापीठात सुरू झालेल्या एका कार्यक्रमात पेशंटना दिवसातून काही वेळा चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र देणं, पाणी पाजणं, औषधांशिवाय झोप आणणं, गप्पांतून दिवस-वेळेचं भान देणं एवढंच केलं होतं. १९९९ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले: ८५२ पेशंटपैकी नेहमीच्या देखभालीतल्या १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या कार्यक्रमातल्या ९.९ टक्के लोकांना. औषध एकही वाढवलं नव्हतं.

नातेवाइकांना दूर ठेवू नका, पण त्यांना शिकवा. मुलगा वडिलांना प्रेमाने घास भरवतो, पाणी तोंडाला लावतो, पांघरूण घालतो, आणि त्यात वडिलांचे हात निकामी होत जातात. मी त्यांना सांगते, "बाबांच्या हातात चमचा द्या, सांडलं तरी चालेल, तुम्ही शेजारी बसा." शक्य झालं तर घरचे कपडे आणायला सांगा. दिवसभर हॉस्पिटलच्या गाउनमध्ये असलेला माणूस स्वतःला आजारीच समजतो. ब्रिटनमधल्या नर्सेसनी पेशंटना उठवून, कपडे घालून, चालतं करण्याची मोठी मोहीमच चालवली आहे. मात्र पहिल्यांदा उठवताना नातेवाइकांवर सोडू नका. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या.

इथवरचं एकत्र धरायचं तर उद्याच्या ड्युटीसाठी एवढं पुरे: आधी काय करत होता ते विचारा, बेड रेस्ट आणि नळीचं कारण विचारा, खाणं खुर्चीत द्या, लघवीच्या वेळा ठरवा, आणि उठवताना बीपी लिहा. सगळ्या वॉर्डवर एकदम सुरू करू नका. ज्याची तब्येत सुधारतेय आणि जो आधी चालता होता असे दोन पेशंट निवडा. फिजिओथेरपिस्टला सकाळीच गाठून विचारा, "तुम्ही गेल्यावर मी यांच्याकडून काय करून घेऊ?" त्यांनाही ते हवंच असतं; त्यांनी शिकवलेलं दिवसभर कोणी करून घेत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे. मावशी आणि वॉर्डबॉयनाही सांगा की या दोघांना बेडपॅन नाही, खुर्ची.

हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देताना, एक वाक्य वाढवा. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तयार झालेली आठ पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी सुटसुटीत आहे: १ म्हणजे नुसतं पडून, २ बेडमध्ये हालचाल, ३ काठावर बसणं, ४ खुर्चीत जाणं, ५ मिनिटभर उभं राहणं, ६ दहा पावलं, ७ पंचवीस फूट, ८ अडीचशे फूट किंवा जास्त. "बेड नंबर चार, काल तीन, आज चार, रात्री कमोड खुर्चीवर एकाच्या आधाराने" एवढं सांगितलं की पुढची शिफ्ट त्याला पुन्हा बेडपॅनवर नेत नाही. हे वाक्य नसेल तर दिवसभर कमावलेलं रात्रीत जातं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

शेवटचा मुद्दा सुटीचा. घरी जायच्या आदल्या दिवशी तो माणूस घरात ज्या गोष्टी करणार आहे त्या वॉर्डमध्ये करून घ्या: तिथल्या बेडच्या उंचीवरून उठणं, संडासात बसून उठणं, जिना असेल तर जिना. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, कठडा धरून. सुटीच्या कागदावर औषधांखाली हेही लिहा: आज किती चालतात, कशाच्या आधाराने, कशाला मदत लागते, कशाला मदत करू नये, आणि चालणं कमी झालं किंवा पुन्हा पडले तर कधी दाखवायचं. त्यातलं 'कशाला मदत करू नये' हे घरच्यांना तोंडीही सांगा, आणि त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या.